पोर्ट ‘१०० फुल’वर बांधायचा की ऑटोवर ठेवायचा?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या तुमच्या युनिटमध्ये १०० एमबीपीएसची लीज्ड लाइन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेली लाइन, आली. प्रोव्हायडरच्या माणसाने भिंतीवर मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा, ठोकला आणि ‘आमच्या बाजूला १०० फुल फिक्स केलंय’ एवढं सांगून तो गेला. १०० फुल म्हणजे स्पीड १०० एमबीपीएस आणि डुप्लेक्स फुल: दोन्ही दिशांना एकाच वेळी रहदारी. हाफमध्ये एका वेळी एकच बाजू बोलते. तुमच्या स्विचचा पोर्ट ऑटोवरच आहे, म्हणजे हे सगळं तो समोरच्याशी बोलून ठरवतो. पिंग (समोरचा उत्तर देतो का ते पाहणारी छोटी चाचणी) स्वच्छ येतो, वेबसाइट उघडतात, पण पुण्याच्या गिऱ्हाइकाला ड्रॉइंगच्या फाइली पाठवायला घेतल्या की गाडं अडतं आणि व्हीपीएन मध्येच तुटतो. हा पहिला प्रश्न. दुसरा मागच्या गोदामाचा. पाऊस सुरू झाला की ती लिंक गिगाबिटवरून, म्हणजे १००० एमबीपीएसवरून, १०० वर येते, कधी पडते, कधी उठते. तुमचा व्हेंडर म्हणतो, सगळेच पोर्ट फिक्स करून टाका, कटकट मिटेल.

पहिल्याचं उत्तर: तो एकच पोर्ट तुमच्याकडेही १०० फुल करा, किंवा प्रोव्हायडरला त्याचं टोक ऑटोवर आणायला लावा. हे काम आजच होण्यासारखं आहे. दुसऱ्याचं उत्तर: बाकीच्या पोर्टना हात लावू नका, गोदामाची केबल तपासा. दोन्ही दुखणी वेगळी आहेत आणि ‘फिक्स करा’ हे औषध दुसऱ्या दुखण्यावर दिलं तर आजार झाकला जाईल, बरा होणार नाही.

मेख कुठे आहे ते नीट समजून घेऊ. जुन्या १० एमबीपीएस इथरनेटमध्ये रिकामा पोर्ट साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक बारीक स्पंद पाठवायचा. मी जिवंत आहे एवढाच त्याचा अर्थ. १९९५ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.३यू मानकाने फास्ट इथरनेट आणलं, तेव्हा त्या एका स्पंदाच्या जागी स्पंदांचा झुबका आला. त्यात ३३ जागा असतात: १७ ठेका धरायला, १६ माहितीला. या १६ बिटांत पोर्ट सांगतो की मला १० हाफ, १० फुल, १०० हाफ, १०० फुल यातलं काय काय जमतं. समोरचाही तेच सांगतो, आणि दोघांना जमणाऱ्यातलं सगळ्यात वरचं ठरतं. ऑटो-निगोशिएशन म्हणजे एवढंच.

आता तुम्ही पोर्टवर स्पीड १०० आणि डुप्लेक्स फुल असं हाताने लिहिता तेव्हा काय होतं? बहुतेकांचा समज असा की पोर्ट आता समोरच्याला ‘मी १०० फुल आहे’ असं सांगतो. तसं होत नाही. १०/१०० च्या जगात फिक्स केलेला पोर्ट हा सगळा संवादच बंद करतो आणि सरळ सिग्नल सोडू लागतो. समोरचा ऑटो पोर्ट झुबक्याची वाट पाहतो, झुबका येत नाही. मग तो सिग्नलचं रूप पाहतो. १० आणि १०० चे सिग्नल वेगवेगळ्या पद्धतीने घडवलेले असल्यामुळे स्पीड त्याला बरोबर ओळखता येतं. डुप्लेक्सची मात्र सिग्नलमध्ये कसलीच खूण नसते. अशा वेळी हाफ धरायचं, असं मानकच सांगतं. स्विचची यात काहीही चूक नाही. याला पॅरलल डिटेक्शन म्हणतात. परिणाम असा की प्रोव्हायडरचं टोक १०० फुल, तुमचं टोक १०० हाफ, आणि दोन्हीकडचे दिवे छान हिरवे.

हाफ डुप्लेक्सचा पोर्ट बोलण्याआधी ऐकतो, आणि बोलताना समोरून आवाज आला तर टक्कर झाली असं मानून थांबतो. फुलचा पोर्ट ऐकत नाही, त्याला हवं तेव्हा पाठवतो, कारण त्याच्या हिशेबी येण्याचा आणि जाण्याचा मार्ग वेगळा आहे. तुमचा स्विच ड्रॉइंगच्या फाइलची फ्रेम, म्हणजे डेटाचा एक तुकडा, पाठवत असतो, तेवढ्यात समोरून आधीच्या डेटाची पोच येते (ती पाठवतो टीसीपी, डेटा पोचला की नाही हे सांभाळणारी पद्धत). फुलच्या दृष्टीने यात वावगं काही नाही. तुमचा पोर्ट मात्र ‘टक्कर’ म्हणून आपली फ्रेम अर्ध्यावर तोडतो. समोर तुटकी फ्रेम पोचते, तिचा सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, जुळत नाही, ती टाकून दिली जाते.

इथे एक आकडा पाहण्यासारखा आहे. टक्कर व्हायचीच तर ती फ्रेमच्या पहिल्या ५१२ बिटांत, म्हणजे ६४ बाइटांत व्हावी, अशी हाफ डुप्लेक्सची अट आहे. १०० एमबीपीएसला हे ५.१२ मायक्रोसेकंद होतात. १५१८ बाइटांची पूर्ण फ्रेम जायला साधारण १२१ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे मोठी फ्रेम चालू असताना समोरून काही आलं, तर ते जवळजवळ नेहमी त्या अटीच्या बाहेरच येणार. त्यालाच लेट कोलिजन म्हणतात. नेहमीच्या टकरीनंतर कार्ड स्वतःच थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतं, १६ वेळांपर्यंत. लेट कोलिजन झालेली फ्रेम मात्र हार्डवेअर बहुधा सोडून देतं. मग ती पुन्हा पाठवायची जबाबदारी टीसीपीवर येते, आणि टीसीपी त्यासाठी मिलिसेकंदांत, कधी सेकंदांत वाट पाहतो. तुमच्या फाइली तिथे अडकतात.

पिंग का फसवतो तेही यातूनच कळतं. विंडोजचा साधा पिंग ३२ बाइट घेऊन जातो, मग उत्तर येतं. दोन्ही दिशांना एकाच क्षणी रहदारी नसते, त्यामुळे टक्करच होत नाही. हजार पिंग सोडा, एकही हरवणार नाही. म्हणून ‘पिंग व्यवस्थित आहे, लाइन उत्तम आहे’ हे प्रोव्हायडरच्या हेल्पडेस्कचं उत्तर मान्य करू नका. एका बाजूला मोठी फाइल अपलोडला लावा आणि त्याच वेळी पिंग चालू ठेवा. तेव्हा गळती दिसेल.

पुरावा पोर्टच्या एरर मोजणाऱ्या काउंटरमध्ये असतो, आणि तो दोन्ही टोकांना वेगवेगळा दिसतो. ज्या बाजूला हाफ आहे तिथे लेट कोलिजन वाढतात. ज्या बाजूला फुल आहे तिथे सीआरसी एरर (काही उपकरणांवर यालाच एफसीएस म्हणतात) आणि ६४ बाइटांपेक्षा लहान तुकडे, ज्यांना रंट म्हणतात, ते वाढतात. फुलच्या बाजूला कोलिजन शून्यच राहणार, कारण तिथे ती संकल्पनाच नाही. आता प्रोव्हायडरचा माणूस फक्त आपल्या टोकाचा काउंटर पाहतो, त्याला सीआरसी दिसतात, आणि तो सांगतो की तुमची पॅच केबल खराब आहे. केबल बदलली जाते, एरर तसेच राहतात, मग कन्व्हर्टर बदलला जातो. गोव्यात मी हा खेळ हॉटेलांत पाहिला आहे, कारखान्यांत पाहिला आहे आणि पतसंस्थांतही. दोन्ही टोकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की पाच मिनिटांत निदान होतं. एकीकडे लेट कोलिजन आणि दुसरीकडे सीआरसी, हे जोडीने आलं तर डुप्लेक्सच जुळत नाही, असं खुशाल समजा.

सिस्कोच्या स्विचवर ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ द्या. डुप्लेक्सच्या रकान्यात ‘ए-फुल’ किंवा ‘ए-हाफ’ दिसलं तर आधीचा ‘ए’ सांगतो की हे ऑटोने ठरलं. नुसतं ‘फुल’ असेल तर हाताने लिहिलेलं आहे. तुमच्या पोर्टवर ‘ए-हाफ’ आणि ‘ए-१००’ दिसेल अशी माझी खात्री आहे. त्यानंतर ‘शो इंटरफेसेस काउंटर्स एरर्स’ पाहा. लिनक्सच्या मशीनवर ‘ईथटूल’ आणि कार्डाचं नाव एवढं पुरतं. त्यात ‘लिंक पार्टनर’ने काय जाहीर केलं तेही येतं. ते रिकामं असेल तर समोरचा गप्प आहे, म्हणजे फिक्स आहे. मायक्रोटिक वापरत असाल तर ईथरनेट इंटरफेसच्या स्टेटस टॅबमध्ये हीच माहिती मिळते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमधल्या अॅडव्हान्स्ड टॅबवर ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ असतं. तिथे कुणी आधी काही निवडून ठेवलंय का, ते बघून घ्या. जुन्या मशीनवर कुणीतरी कधीतरी केलेलं सेटिंग वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं.

दुरुस्ती करताना क्रम सांभाळा. तुमच्या बाबतीत दुसरं टोक प्रोव्हायडरकडे आहे आणि ते आधीच फिक्स आहे, तेव्हा तुमच्या पोर्टवर स्पीड १०० आणि डुप्लेक्स फुल, दोन्ही लिहा. नुसतं स्पीड लिहून डुप्लेक्स ऑटोवर सोडू नका. लिंक एकदा पडून उठेल, त्यामुळे हे काम जेवणाच्या सुट्टीत करा. दोन्ही टोकं तुमच्याच हातात असतील आणि तुम्ही दुरून लॉगिन केलं असेल, तर लांबचं टोक आधी बदला, मग जवळचं. मधल्या काळात डुप्लेक्स जुळत नसेल, पण लिंक वर राहते आणि हळूहळू का होईना कामापुरती चालते. उलट केलंत आणि काही अडलं तर मडगावहून गाडी काढून कुंडईला जावं लागेल. सिस्कोवर ‘रीलोड इन १०’ देऊन काम सुरू करा, म्हणजे काही बिघडलं तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो: कॉन्फिग सेव्ह न करता बदल करा, सगळं ठीक दिसलं की रीलोड रद्द करा, मग सेव्ह करा. मायक्रोटिकवर सेफ मोड त्यासाठीच आहे.

आणखी एक. कन्व्हर्टर आणि तुमच्या स्विचच्या मध्ये कुणी साधा अनमॅनेज्ड स्विच लावला असेल तर तो आधी काढा. त्याच्यावर सेटिंग करायची सोयच नसते, तो कायम ऑटोवर असतो. त्यामुळे समोर फिक्स पोर्ट आला की तो हाफ होणारच, आणि तुमच्या मुख्य स्विचवर त्याचा मागमूसही दिसणार नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर प्रोव्हायडरने त्याचं टोक ऑटोवर आणणं जास्त चांगलं. आज तुम्ही पोर्ट फिक्स कराल, उद्या त्यांचा नवा माणूस येऊन कन्व्हर्टर बदलेल, नवा कन्व्हर्टर ऑटोवर असेल, आणि हाच घोळ उलट्या बाजूने सुरू होईल. पण जुन्या स्वस्त कन्व्हर्टरवर १०० फुल डिप-स्विचने, म्हणजे अंगावरच्या बारीक खटक्यांनी, बांधलेलं असतं, आणि १०० एमबीपीएसच्या फायबरला तर ऑटो-निगोशिएशनच नाही, त्यामुळे कधी कधी पर्याय उरत नाही. मग पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहून ठेवा: ‘समोर १०० फुल फिक्स, ऑटो करू नये’. कन्व्हर्टरवरही स्टिकर लावा.

तुमचा व्हेंडर ‘सगळे फिक्स करा’ का म्हणतो? त्याला जुनं कारण आहे आणि तेव्हा ते खोटं नव्हतं. १९९५ च्या मानकात ऑटो-निगोशिएशनच्या काही जागा संदिग्ध होत्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप एकमेकींशी नीट बोलत नव्हत्या. त्या काळात सर्व्हरचे पोर्ट फिक्स करणं हाच शहाणपणा होता. १९९८ च्या आवृत्तीत त्या जागा साफ झाल्या. १९९९ मध्ये तांब्यावरचं गिगाबिट, ८०२.३एबी, आलं आणि तिथे तर ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच आहे, कारण दोन टोकांपैकी घड्याळ कुणाचं चालणार, मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण, हे त्याच संवादात ठरतं. म्हणून गिगाबिट पोर्टवर तुम्ही ‘१००० फिक्स’ लिहिता तेव्हा बरीच उपकरणं आतून ऑटो चालूच ठेवतात, फक्त १००० शिवाय दुसरं काही जाहीर करत नाहीत. तिथे फिक्स केल्याने काही कमावत नाही. उलट बऱ्याच स्विचांवर स्पीड-डुप्लेक्स हाताने लिहिलं की ऑटो-एमडीआयएक्स, म्हणजे सरळ-उलटी केबल आपोआप जुळवून घेण्याची सोय, काम करत नाही, आणि स्विच-टू-स्विच सरळ केबल लावली तर लिंकच येत नाही.

आता गोदाम. गिगाबिटवरून १०० वर घसरणं आणि तेही पावसात, हे सेटिंगचं लक्षण नाही. इथे शब्दशः पाणी मुरतंय.

१०० एमबीपीएसला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, कनेक्टरच्या १-२ आणि ३-६ या पिनांवरच्या. गिगाबिटला चारही लागतात. ऑटो-निगोशिएशन मात्र त्या पहिल्या जोड्यांवरच होतं. म्हणून उरलेली निळी किंवा तपकिरी जोडी खराब झाली तरी दोन्ही पोर्ट ‘चला, १०००’ असं ठरवतात, प्रत्यक्ष लिंक जुळत नाही, पुन्हा प्रयत्न, पुन्हा पडते. काही चिप थोड्या प्रयत्नांनंतर स्वतःहून १०० वर उतरतात, काही तशाच धडपडत राहतात. तुमच्याकडे दिसतंय ते नेमकं हेच आहे.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जो दमटपणा असतो, त्यात उघड्यावरचा आरजे-४५ टिकत नाही. समुद्राकाठी, कांदोळी-कळंगुटच्या बाजूला, खाऱ्या वाऱ्याने आणखी लवकर जातो. केबलमधून पीओईने कॅमेऱ्याला वीज जात असेल तर ओल्या पिनांवर डीसी व्होल्टेज राहतं आणि गंज झपाट्याने चढतो. कनेक्टर काढून उजेडात धरा: सोनेरी पातं हिरवट किंवा काळपट झालेलं असेल. ते घासून परत लावू नका, कापून नवा क्रिंप करा, आणि कापताना तारेकडे बघा. तारेचं टोक चंदेरी दिसलं आणि वरचा थर तेवढा तांबूस असला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल आहे. स्वस्त मिळते, पेटीवर मोठ्या अक्षरांत कॅट-६ लिहिलेलं असतं, आणि दमट हवेत कनेक्टरच्या आत अॅल्युमिनियमवर ऑक्साइड चढून संपर्क सुटतो. अशा केबलवर कितीही नवे कनेक्टर लावले तरी पुढच्या पावसात तुम्ही पुन्हा तिथेच असाल. शुद्ध तांब्याचीच केबल मागा आणि घेताना टोक कापून बघा.

स्विचवर केबल तपासायची सोय असेल तर आधी तीच वापरा. सिस्कोच्या अनेक कॅटॅलिस्ट मॉडेलवर टीडीआर चाचणी असते, मायक्रोटिकच्या बऱ्याच मॉडेलवर केबल-टेस्ट. कुठली जोडी तुटली आणि किती मीटरवर, हे अंदाजाने कळतं. ते अंतर पहिल्या जोडाच्या किंवा भिंतीतल्या भोकाच्या जवळ निघालं तर शिडी कुठे लावायची ते ठरलं. एकूण लांबीही मोजा: स्थिर केबल ९० मीटर आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०, एकूण १०० मीटर ही मर्यादा आहे.

पण खरं सांगायचं तर दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांबं टाकूच नये. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं आणि मे महिन्यातल्या वळिवाच्या वा परतीच्या पावसातल्या विजांनी अशा केबलच्या दोन्ही टोकांचे पोर्ट एकदम जातात. कधी पोर्ट पूर्ण मरत नाही, अर्धवट जखमी होऊन एरर देत राहतो, आणि मग आपण सेटिंग शोधत बसतो. गोदामाला फायबर टाका. गिगाबिट फायबरला ऑटो-निगोशिएशन असतं, पण त्यात स्पीड ठरत नाही. दोन्ही टोकांना ते चालू किंवा दोन्हीकडे बंद, एवढं सारखं ठेवा. नाहीतर एका टोकाला लिंक वर आणि दुसऱ्याला खाली असा विचित्र प्रकार दिसतो.

फायबर चवथीनंतरच होणार असेल आणि तोवर लिंक पडत राहणं परवडत नसेल, तर १०० वर आणा, पण फिक्स करून नाही. पोर्ट ऑटोवरच ठेवून त्याने काय जाहीर करायचं ते कमी करा. बऱ्याच कॅटॅलिस्टवर ‘स्पीड ऑटो १० १००’ लिहिता येतं, मायक्रोटिकवर जाहिरातीच्या यादीतून १००० ची खूण काढता येते, लिनक्सवर ‘ईथटूल’ला जाहीर करायचे मोड देता येतात. अशाने संवाद चालू राहतो, १०० फुल दोघांच्या संमतीने ठरतं, आणि समोर कुणीही काहीही लावलं तरी हाफचा घोळ होत नाही. कुठल्याही लिंकचं स्पीड मुद्दाम खाली ठेवायचं असेल तर हीच पद्धत वापरा.

उरलेल्या लहान यंत्रांचं: हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र, बिलाचा थर्मल प्रिंटर, जुना पीएलसी (यंत्र चालवणारा कंट्रोलर), आयपी कॅमेरा ही बहुतेक १०/१०० चीच असतात, ती १०० वर दिसली तर तो दोष नाही. बंद केलेला संगणक स्विचवर १० एमबीपीएस दाखवत असेल तर तेही ठीकच. झोपेत कार्ड वीज वाचवायला खाली उतरतं. एखादा जुना पीएलसी ऑटोला खरोखरच दाद देत नसेल तर त्याचं मॅन्युअल पाहून दोन्ही टोकं सारखी फिक्स करा. उलट, ३०० एमबीपीएसचा प्लॅन असून स्पीड टेस्ट ९४ च्या आसपास अडते अशी ऑफिसमध्ये कुणाची तक्रार आली, तर वाटेत कुठली तरी लिंक १०० वर आहे. १०० च्या लिंकवर हेडर वजा जाता टीसीपीला साधारण तेवढंच मिळतं. तिथेही आधी केबल आणि कनेक्टर पाहा.

लीज्ड लाइनचा पोर्ट १०० फुल केल्यावर काउंटर शून्य करा आणि दिवसाच्या गर्दीच्या वेळी दोन-तीन तास जाऊ द्या. लेट कोलिजन शून्यावर थांबले पाहिजेत. प्रोव्हायडरला त्याच वेळी त्यांच्या टोकाचे सीआरसी काउंटर शून्य करायला सांगा आणि नंतरचा आकडा लेखी मागवा. तोही थांबला असेल तर विषय संपला. दोन्हीकडे फुल असूनही त्यांचे सीआरसी वाढतच असतील, तर मात्र पॅच केबल बदला आणि कन्व्हर्टरचा तांब्याचा पोर्ट तपासा. तरीही थांबले नाहीत तर दोन्ही टोकांचे आकडे, वेळेसह, मला पाठवा.